शिफारशीचा इतिहास आणि आपण

'शिफारस' हा शब्द बिलोलीच्या माणसाला नवा नाही. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती. त्या भाषेतून आलेला 'सिफारिश' हा शब्द चपराशाच्या जागेपासून जमिनीच्या पट्ट्यापर्यंत माणसाचे नशीब ठरवीत असे. ज्याच्यामागे कुणी मोठा माणूस उभा, त्याची शिफारस. ज्याच्यामागे कुणीच नाही, त्याच्या वाट्याला वेठ. महारवाड्याच्या आणि मांगवाड्याच्या मागे कोण उभे होते? म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसाने शिफारस पाहिली ती दुसऱ्याच्या खिशात.

पण शिफारशीचा एक प्रकार असा होता की त्याला मोठा माणूस लागत नव्हता. एका मित्राने दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून सांगायचे, "गड्या, पिच्चर लई भारी हाय, चुकवू नको." ही शिफारस फुकटची आणि बरोबरीची होती. तिच्याकडे कुणी इतिहास म्हणून पाहिलेले नाही. करमणुकीच्या गोष्टी म्हणून ती बाजूला सारली गेली. माझे म्हणणे असे की, आपल्या वस्तीत कोणी कोणाला काय पाहायला सांगितले, याचा माग काढला तर आपल्या जाणिवेचा आलेख हाती येतो. आणि ती जाणीव कुठे फसली, तेही कळते.

बिलोली हा सीमेवरचा तालुका. कडेने मांजरा वाहते, पलीकडे बोधन आणि निजामाबाद. बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच माणसाच्या तोंडी सापडतात. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राज्यातून सुटला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली होती. माणसाचे राज्य आणि माणसाचा धर्म महिन्याभराच्या आत बदलले. मनात रुजलेली चित्रे मात्र तारखेबरहुकूम बदलत नसतात.

मराठवाड्याच्या खेड्यांत सिनेमा आला तो तंबूतून. जत्रेच्या, बाजाराच्या गावी टुरिंग टॉकीजचा तंबू पडे. दिवसा भोंगा लावलेली गाडी हँडबिले उधळीत फिरे आणि रात्री पडद्यावर उजेड पडे. पुढे जमिनीवर बसणारे, मागे बाकडे, त्यामागे खुर्च्या. जागा पैशाने ठरे. पाणवठा वेगळा होता, हॉटेलातली कपबशी वेगळी होती. तंबूत मात्र दिवा मालवला की शेजारच्याची जात दिसत नव्हती. अंधारात शिवाशीव पाळणे अवघड असते. दिवे लागले, तंबूबाहेर पाय पडला की गाव पुन्हा गावासारखे होई, हेही खरेच. पण तीन तास माणूस फक्त प्रेक्षक होता, याचे मोल ज्यांना कधीच कुठून उठवले गेले नाही त्यांना कळणार नाही.

तिकिटाचे पैसे सगळ्यांकडे नसत. मग एक जण पाही आणि दहा जण ऐकत. पिच्चर सांगणारा हा वस्तीतला एक मानाचा माणूस होता. नटांच्या चाली, मारामारी, रडणे, गाणे, सगळे तो करून दाखवी. हे आपल्याला जड गेले नाही, कारण वस्तीला सांगण्या-ऐकण्याची सवय जुनी होती. मुंबई इलाख्यात १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशातून जे केले, तेही हेच होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत विचार कानाने आणि डोळ्याने पोचवणे. फरक एवढाच की जलसा आपला होता. पडद्यावरचे चित्र आपले नव्हते.

ते कोणाचे होते, हे तपासू. १९३५ साली प्रभात कंपनीने संत एकनाथांवर चित्रपट काढला. आधी त्याचे नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते 'धर्मात्मा' झाले. पैठणचा ब्राह्मण संत अस्पृश्याच्या घरी जेवतो, हे पडद्यावर दाखवणे त्या काळी धाडसाचे होते, हे मान्य केले पाहिजे. पण कथेचा नायक जेवणारा आहे, जेवू घालणारा नाही. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. अस्पृश्य कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांच्या प्रेमाचा शेवट कस्तुरीने रेल्वेखाली जीव देऊन होतो. त्याच वर्षी बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' छापून प्रसिद्ध केले. ज्या सभेसाठी ते भाषण लिहिले होते, ती सभाच बोलावणाऱ्यांनी रद्द केली होती. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मरणाऱ्या अस्पृश्य मुलीसाठी देश रडला. बोलणाऱ्या अस्पृश्य माणसासाठी व्यासपीठ मिळाले नाही.

१९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. नूतनचे काम अप्रतिम आहे. पण ब्राह्मण घरात वाढलेल्या त्या मुलीला आई 'माझी मुलगी' म्हणते कधी? तिने रक्त दिल्यावर. म्हणजे माणूस म्हणून मान्यता मिळवायची तर अस्पृश्याने मरावे, नाहीतर रक्त द्यावे! हे चित्रपट आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना डोळे पुसत सांगितले, "आपलं दुःख दाखवलंय, बघा." दुःख दाखवले होते, यात वाद नाही. दुःखाचे कारण मात्र दाखवले नव्हते.

याला अपवाद होते. आचार्य अत्र्यांचा 'महात्मा फुले' १९५४ सालचा. त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. अण्णा भाऊ साठे यांच्या कथा-कादंबऱ्यांवर 'वैजयंता' (१९६१), 'फकिरा' (१९६३), 'वारणेचा वाघ' (१९७०) असे चित्रपट निघाले. बिलोली-मुखेडच्या भागात मातंग समाजाची वस्ती मोठी. भुकेलेल्यांसाठी धान्य लुटणारा फकिरा हा त्यांच्या दृष्टीने कोणाच्या दयेवर जगणारा नव्हता. 'फकिरा' ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली होती. पडद्यावर त्यातले किती उरले हा वादाचा विषय होईल. पण 'बघ' म्हणून सांगताना मान खाली घालावी लागत नव्हती, एवढे खरे.

आता १९७४-७५ कडे येऊ, कारण आपल्या शिफारशीची खरी कसोटी तिथे लागली. श्याम बेनेगल यांचे 'अंकुर' (१९७४) आणि 'निशांत' (१९७५) हे चित्रपट तेलंगणातील जमीनदारीचे. त्यातली माणसे दखनी बोलतात. म्हणजे मांजरेच्या दोन्ही काठांवरची, बिलोलीच्या बाजारातली भाषा बोलतात. 'अंकुर'मध्ये जमीनदाराचा मुलगा लक्ष्मीला वापरतो आणि तिच्या मुक्या-बहिऱ्या नवऱ्याला चाबकाने फोडतो. शेवटी एक लहान पोर त्याच्या खिडकीवर दगड भिरकावते. हे आपल्या घरातले चित्र होते. पण त्याची शिफारस शहरातल्या फिल्म सोसायट्यांत, इंग्रजी वर्तमानपत्रांत झाली. तंबूच्या गाडीवर त्याचा भोंगा वाजला नाही.

त्याच १९७५ साली तुटपुंज्या भांडवलावर निघालेला 'जय संतोषी माँ' देशभर पोचला. त्याला कोणी पोचवले? बायकांनी बायकांना सांगून. चित्रपटगृहात चपला काढून लोक बसले, पडद्यावर फुले-नाणी उधळली गेली, आणि चित्रपटाबरोबर शुक्रवारचे व्रत घरोघर शिरले. तोंडोतोंडीच्या शिफारशीची ताकद पाहायची असेल तर याहून मोठे उदाहरण नाही. बावीस प्रतिज्ञा घेऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. ज्या देवांना आपण दाराबाहेर काढले, ते सिनेमाच्या तिकिटावर खिडकीतून परत आले. याचा दोष त्या बायाबापड्यांना देऊन चालणार नाही. त्यांच्या कष्टाला आणि उपासमारीला कथेत जागा देणारा दुसरा चित्रपट आपण त्यांना सांगितला होता का?

पुढे तीनच वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले. वस्त्या जळाल्या. ज्यांच्या शेजारी बसून तंबूच्या अंधारात आपण हसलो-रडलो होतो, त्यांतलेच काही हातात टेंभे घेऊन आले. पडद्यावरच्या कस्तुरीसाठी डोळे पुसणे आणि शेजारच्या घराला आग न लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मराठवाड्याने रक्ताने लिहिला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली.

दरम्यान टेलिव्हिजन आला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरदर्शन पोचवण्याचा प्रयोग सहा राज्यांतील २,४०० गावांत झाला. शेजारचे आंध्र आणि कर्नाटक त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे संच पोचले ते १९८२ च्या आशियाई स्पर्धांनंतर हळूहळू, आणि आधी वाड्यांत पोचले. तंबूत तिकीट काढून हक्काने बसता येत होते. संच मात्र कुणाच्या तरी घरात होता आणि त्या घराला उंबरठा होता. खिडकीच्या गजाला धरून चित्रहार पाहिलेली पिढी आपल्यात आज आहे.

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले आणि राम-कृष्णावरील परिशिष्टावरून वादळ उठले. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. सोमवार ते शनिवार ग्रंथासाठी घोषणा आणि रविवारी सकाळी राम! हा पेच अनेकांच्या घरात होता. तो केवळ आपलाच नव्हता. १९८८ साली मालिका संपू लागली तेव्हा पंजाबात सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकीची आणि लवकुशाची कथा दाखवल्याशिवाय मालिका संपवू नका, ही त्यांची मागणी. ज्याला कुठेच आपला चेहरा दिसत नाही, तो जिथे दिसेल तिथे धरून ठेवतो. याला नुसते हसून भागत नाही.

त्याच १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानी यांची 'तमस' आली. सुरुवातीलाच चामड्याचे काम करणारा नत्थू पैशाच्या आमिषाने डुक्कर मारतो आणि त्या डुकरावरून दंगल पेटवली जाते. दंगली कोण घडवतो आणि हत्यार म्हणून कोणाचे हात वापरतो, हे आपल्या पोरांना सांगण्यासाठी याहून चांगला पाठ नव्हता. किती वस्त्यांत आपण 'हे बघा' म्हणून सांगितले?

पुढे चित्र बदलले. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' २००० साली आला. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात झळकला. पुन्हा डुक्कर आले, पण आता डुकराला पळवणाऱ्या कैकाडी पोराच्या डोळ्यांतून. फुले, शाहू, आंबेडकर रंगवलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून मेलेले डुक्कर खांद्यावर नेले जाते. शेवटी जब्या दगड फेकतो. 'अंकुर'मधला दगड जमीनदाराच्या खिडकीवर पडला होता. हा थेट प्रेक्षकावर येतो. दगड तिथून इथे यायला चाळीस वर्षे लागली, कारण कॅमेरा कोणाच्या हातात आहे हे बदलायला चाळीस वर्षे लागली.

आज मांजरेकाठी तंबू नाही, मोबाइल आहे. २०२१ मध्ये 'जय भीम' हा तमिळ चित्रपट घरबसल्या दिसला. तो तेलुगूतही होता. मराठी मातीतली घोषणा तमिळनाडूतल्या इरुळर आदिवासींच्या न्यायाच्या कथेचे नाव होऊन परत आली. २०२० मध्ये कर्नाटकात बाबासाहेबांवरील 'महानायक' मालिका कन्नडमध्ये सुरू झाली, तेव्हा तरुणांनी गावोगाव स्वखर्चाने फलक उभारले. मालिका दाखवू नका म्हणून वाहिनीच्या प्रमुखाला धमक्या आल्या होत्या. फलकांनी त्याचे उत्तर दिले. 'हे बघा' एवढ्या दोन शब्दांसाठी लोकांनी पदरमोड केली. माझ्या मते शिफारशीच्या या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच. मोबाइल आता स्वतःच शिफारस करतो. काल जे पाहिले तेच तो आज पुढे ढकलतो. त्याच्यामागे उभा असलेला मोठा माणूस म्हणजे भांडवल. आपली शिफारस त्याच्या हाती देऊ नका. जयंतीच्या पंधरवड्यात डीजेच्या खर्चातून एक पडदा उभा करा. 'फँड्री' दाखवा, 'तमस' दाखवा. 'सुजाता'ही दाखवा आणि दाखवून झाल्यावर विचारा की त्या मुलीला रक्त का द्यावे लागले. मित्राला 'बघ' म्हणताना 'का बघ' हेही सांगा. पिच्चर सांगणारा माणूस वस्तीतून नाहीसा झाला आहे. त्याची जागा रिकामी आहे, आणि ती कुणाच्याही सिफारिशीशिवाय आपल्याला घेता येईल.