मानसिक आघात : मेंदूविज्ञान व मनोविश्लेषण

सोसण्यापलीकडच्या अनुभवाची मनात उरलेली, पुनःपुन्हा उसळणारी खूण. मनोविश्लेषणाचा जनक झीग्मुंट फ्रॉइड मूळचा मज्जासंस्थेचा अभ्यासक. मज्जापेशींच्या भाषेत मन मांडण्याचा त्याचा १८९५ मधील मसुदा अपुरा राहिला व त्याच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये छापला गेला. स्मृती एकदाच कोरली जात नाही, पुढील अनुभवांनुसार तिची फेरमांडणी होते, असे त्याने १८९६ मध्ये आपला मित्र विल्हेल्म फ्लीसला कळवले होते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांची तीच ती स्वप्ने पाहून १९२० मध्ये त्याने ‘पुनरावृत्तीची सक्ती’ ही कल्पना विस्ताराने मांडली.

स्मृतीच्या फेरमांडणीच्या कल्पनेला प्रयोगशाळेतून अनपेक्षित बळ मिळाले. करीम नादर, ग्लेन शाफ व जोसेफ लडू यांनी २००० मध्ये उंदरांना एका ध्वनीची भीती शिकवली. नंतर ती आठवण जागी करून लगेच मेंदूतील अमिग्डाला या भागात औषधाने प्रथिननिर्मिती रोखली, तेव्हा भीती ओसरली. आठवण जागी न करता तेच औषध दिल्यास ती टिकली. म्हणजे जागी झालेली स्मृती काही काळ बदलू शकते. अर्थात, उंदराची भीती म्हणजे माणसाची कहाणी नव्हे. या प्रयोगाने मनोविश्लेषण सिद्ध झाले असे म्हणणे उतावीळपणाचे आहे.

मनोविश्लेषक फ्रांस्वा आंसेर्मे व मेंदूवैज्ञानिक पियेर माजिस्त्रेती यांनी २००४ च्या फ्रेंच ग्रंथात याहून धाडसी दावा केला : अनुभवांनुसार बदलण्याच्या मेंदूच्या घडणक्षमतेमुळेच प्रत्येक व्यक्ती अनन्य ठरते आणि जनुकीय नियतीतून काही अंशी सुटते. जनुकीय नियतीपासूनच्या स्वातंत्र्याचा हा दावा अजून वादग्रस्त आहे.