डांगच्या राजांचे भाडे

वणीहून सापुताऱ्याला जाताना हातगडाचा किल्ला मागे पडला की थोड्याच वेळात गुजरातची हद्द लागते. आपली मंडळी तिथलं तळं बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. पण खाली पसरलेल्या डांगच्या जंगलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

इथे भिल्ल राजे होते. १८४२ साली इंग्रजांनी त्यांच्याकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं, कारण जहाजबांधणीला साग हवा होता. राजांना दरसाल ठरावीक रक्कम सुरू झाली. करार लाकडाचा, पण पुढे जंगल राखीव झालं आणि राब भाजून नागली पेरण्यावर, शिकारीवर बंधनं आली. ज्यांनी जंगल भाड्याने दिलं तेच तिथे चोर ठरले! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उठाव झाले, ते दडपले गेले.

आजही होळीच्या आधी आहव्याला 'डांग दरबार' भरतो. पाच राजांना सरकारतर्फे समारंभाने रक्कम दिली जाते. वर्तमानपत्रं तिला 'पेन्शन' म्हणतात. मला हा शब्द खटकतो. पेन्शन नोकराला मिळते (मी स्वतः घेतो म्हणून सांगतो), मालकाला मिळतं ते भाडं.

१९६० साली डांग गुजरातेत गेला. पण डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरगाणा-कळवणात होतो तसाच तिकडेही होतो, आणि पावरी दोन्हीकडे वाजते. आहव्याच्या बाजारात नुसतं उभं राहिलात तरी निम्मं बोलणं आपोआप कळतं.