कुमार वाचकांचा कौल

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा गिरणी कामगारांच्या लढ्यावर आम्ही काही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही "मुलांच्या कादंबऱ्या" असे उत्तर दिले आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. द्वारसभेत ओरडून घसा बसलेल्या माणसाने बालवाङ्मयाच्या वाटेला का जावे, हा प्रश्न श्रोत्यांच्याही मनात आला असेल. तेव्हा आधी त्याचाच खुलासा करतो.

आमचे बालपण गिरणगावातल्या एका चाळीत गेले. वडील साचाखात्यात होते. जवळच एक वाचनालय होते, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अर्धी वर्गणी भरून आम्ही पोरे तेथील बालविभागाचे सभासद झालो होतो. टेबलाला सुतळीने बांधलेली एक सूचना-वही असे आणि कोणती पुस्तके आणावीत हे सभासदांनी तीत लिहावे असा नियम होता. मात्र बालसभासदांना तीत लिहिण्याची मनाई होती. वर्गणी अर्धी म्हणून निदान अर्धी ओळ तरी लिहू द्या, असा आमच्यातल्या एकाचा युक्तिवाद होता. तो मानला गेला नाही. 1982 च्या 18 जानेवारीस गिरण्यांचा संप सुरू झाला. चाळीत रोज निवेदने आणि सह्यांचे कागद फिरू लागले. ते पाहून आम्ही अकरा पोरांनीही एक कागद केला. फास्टर फेणेचे न आलेले भाग आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या, अशी ती यादी होती. खाली अकरा सह्या होत्या. त्या कागदाचे काय झाले ते ओघात येईलच.

पुढे नववीनंतर शाळा सुटली. युनियनच्या कचेरीत बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन जे इंग्रजी वाचता आले त्यात हाच विषय पुनःपुन्हा भेटत गेला. मुलांसाठी कादंबरी लिहिणारे, छापणारे, विकत घेणारे आणि बक्षीस देणारे बहुधा सगळे मोठेच असतात. ज्याने ती वाचावयाची त्याला विचारण्याची पद्धत नाही. परंतु इतिहासात काही प्रसंग असे सापडतात, की मोठ्यांची मती कुंठित झाली आणि नाइलाजाने मुलाला विचारावे लागले.

पहिला प्रसंग अमेरिकेतील बोस्टन शहरचा. रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचे टॉमस नाइल्स यांनी लुइझा मे अल्कॉट या लेखिकेकडे मुलींसाठी एका पुस्तकाची मागणी केली. लुइझाबाईंचे वडील मोठे तत्त्वज्ञ, पण घरात पैसा आणण्याच्या कामी निरुपयोगी. शिवणकाम, शिकवण्या, परक्याच्या घरची चाकरी, सारे करून बाईंनी घर चालविले होते. मुलींसाठी लिहिण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती. आपल्या बहिणी सोडल्या तर आपल्याला मुली कधी फारशा आवडल्या नाहीत, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. तरीही 1868 च्या मे महिन्यात त्या लिहावयास बसल्या. पहिली बारा प्रकरणे नाइल्सना नीरस वाटली आणि मौज अशी, की लेखिकेलाही तसेच वाटले. प्रकाशक आणि लेखक यांचे एकमत झाले होते. व्यवहाराच्या दृष्टीने पुस्तक तेथेच संपावयाचे. पण नाइल्सनी ते हस्तलिखित आपल्या भाचीला, लिली आल्मी हिला वाचावयास दिले. तिला ते अतिशय आवडले. आणखी काही मुलींनी वाचले आणि त्यांचाही कौल तोच पडला. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांचेच मत खरे, असे मग बाईंनीही मान्य केले. 30 सप्टेंबर 1868 रोजी 'लिटल विमेन'चा पहिला भाग निघाला आणि दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. आमच्याकडे शांता शेळके यांनी ही कादंबरी 'चौघीजणी' या नावाने आणली, हे येथील भगिनींना सांगावयास नकोच.

येथे थोडे आडवळण घेतो. पुस्तक उक्त्या रकमेला विकू नका, हक्क स्वतःजवळ ठेवा आणि प्रत्येक प्रतीमागे वाटा घ्या, असा सल्ला नाइल्स यांनीच लेखिकेला दिला होता. कामाचे उक्ते पैसे देऊन मोकळे होण्याऐवजी मालानेच मजुराला वाटा माग म्हणून सांगावे, असा मालक आमच्या तीस वर्षांच्या धंद्यात आम्हांस एकदाही भेटला नाही. त्या वाट्यावर अल्कॉट घराण्याची सारी कर्जे फिटली.

पण खरी गंमत पुढे आहे. पहिला भाग मेगच्या वाङ्निश्चयापाशी थांबतो. वाचणाऱ्या मुलींची पत्रे येऊ लागली, आणि त्यांत बहुतेकींचा प्रश्न एकच होता: बाकीच्यांची लग्ने कोणाशी होणार? ज्योचे लग्न शेजारच्या लॉरीशी झाले पाहिजे असा आग्रहच होता. लेखिका चिडली. ज्योने अविवाहित राहून लिहीत राहावे असे तिच्या मनात होते. शेवटी तिने तोड काढली ती अशी: लॉरी नाही, पण अविवाहितही नाही, एक प्रौढ, विस्कटलेल्या केसांचा जर्मन प्राध्यापक. हे आपण मुद्दाम, काहीशा खोडसाळपणे केले, असे तिने एका मैत्रिणीला कळविलेही. 1869 च्या एप्रिलात दुसरा भाग निघाला. आमच्या मते हा तडजोडीचा करार झाला, आणि कोणत्याही करारासारखा दोन्ही पक्षांना थोडा थोडा बोचला. दीडशे वर्षांनंतरही वाचक मुली त्यावर भांडतात.

दुसरा प्रसंग स्कॉटलंडमधील ब्रेमार गावचा. 1881 च्या उन्हाळ्याचा शेवट होता, पाऊस थांबत नव्हता. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याचा तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड घरात अडकून पडले होते. बेटाचा एक नकाशा रंगविला गेला. तो मुळात कोणी काढला याबद्दल पुढे दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' निघाली. रोज एक प्रकरण लिहावयाचे आणि जेवणानंतर घरच्यांना वाचून दाखवावयाचे. लॉइडने अट घातली होती की गोष्टीत बायका नकोत. लेखकाने ती जवळजवळ पाळली. नायकाची आई तेवढी सुटली. लेखकाचे वडील दीपगृहे बांधणारे अभियंते, पण तेही मुलाइतकेच रंगले आणि खलाशाच्या पेटीत काय काय सापडावे याची यादी त्यांनी करून दिली.

आता यातील दुसरी बाजू ऐका, कारण ती सहसा सांगितली जात नाही. ही गोष्ट 'यंग फोक्स' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकात 1881 च्या ऑक्टोबरपासून क्रमशः आली. आपल्या खिशातली नाणी मोजून ते साप्ताहिक घेणाऱ्या पोरांवर तिचा फारसा परिणाम झाला नाही. 1883 मध्ये त्याच लेखकाची 'ब्लॅक अ‍ॅरो' तेथे आली आणि ती मात्र पोरांनी उचलून धरली! स्वतः स्टीव्हन्सनला ती कमी दर्जाची वाटत होती, बायकोलाही आवडली नव्हती. पुस्तकरूपात 'ट्रेझर आयलंड'ला मोठ्यांनी डोक्यावर घेतले आणि तिचे नाव अजरामर झाले. मग पोरे चुकली काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. दर आठवड्याला तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्याला काय धरून ठेवते, हे तेच सांगू शकत होते. आम्ही दोन्ही वाचल्या. आम्हांस 'ट्रेझर आयलंड' अधिक आवडली, पण आम्ही ती वयाच्या चाळिशीत वाचली, तेव्हा आमचे मत येथे बाद धरावे.

तिसरा प्रसंग लंडनचा, आणि त्यात मजुरीचा दरही ठरलेला आहे. प्रकाशक स्टॅन्ले अन्विन यांचे मत असे, की मुलांच्या पुस्तकांची उत्तम पारख मुलांनाच असते. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा रेनर हस्तलिखिते वाचून लेखी अभिप्राय देई आणि त्याला त्याबद्दल एक शिलिंग मिळे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांची 'हॉबिट' ही गोष्ट 1936 मध्ये त्याच्या हाती आली. 30 ऑक्टोबरच्या त्याच्या अभिप्रायात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण निर्णय स्वच्छ आहे. पुस्तक चांगले आहे, नकाशे असल्यामुळे चित्रांची गरज नाही, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ते आवडेल. स्वतः दहा वर्षांचा असल्यामुळे साहेबांनी आपल्याला त्या वयोगटातून वगळले होते! 21 सप्टेंबर 1937 रोजी पुस्तक निघाले. पंधराशे प्रती डिसेंबरपर्यंत संपल्या. चित्रांविषयीचा त्याचा सल्ला मात्र कोणी मानला नाही. टॉल्किन यांनी स्वतः काढलेली चित्रे पुस्तकात आहेतच. आपण तो शिलिंग कष्टाने कमावला, असे रेनर अन्विन पुढे मोठेपणी सांगत.

हाच मुलगा मोठा होऊन वडिलांच्या संस्थेत रुजू झाला. टॉल्किन यांची पुढची प्रचंड कादंबरी छापावी की नाही हा प्रश्न आला, तेव्हा हजार पौंडांचा तोटा होईल असा त्याचा अंदाज होता. परदेशात असलेल्या वडिलांना त्याने तसे कळविले. पुस्तक असामान्य आहे असे तुला वाटत असेल तर हजार पौंड घालव, असे उत्तर आले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड 1954 च्या जुलैत निघाला. एका शिलिंगाच्या कामगाराला हजार पौंड घालविण्याचा अधिकार मिळाला, अशी ही बढती.

परंतु श्रोत्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. प्रकाशकाची भाची, लेखकाचा सावत्र मुलगा, प्रकाशकाचा मुलगा, ही तिन्ही मुले घरचीच. मालकाने आपल्या पोराला विचारले म्हणजे कामगारांना विचारले असे होत नाही. ती तिन्ही मुले प्रामाणिक होती यात शंका नाही, पण त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते.

म्हणून चौथी हकीकत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेतील टल्सा शहरात सुसान हिंटन नावाची मुलगी शाळेत शिकत होती. शहरात श्रीमंत पोरांचे आणि गरीब पोरांचे तट होते, मारामाऱ्या होत. तिला वाचावयास मिळणाऱ्या कुमारांच्या कादंबऱ्यांत यातले काहीच नसे. तेव्हा पंधराव्या वर्षी तिने स्वतःच लिहावयास घेतले. त्याच सुमारास वर्गात लेखनाच्या विषयात आपल्याला अगदी खालची श्रेणी मिळाली, अशी आठवण ती सांगते. 'द आउटसायडर्स' 1967 च्या एप्रिलात निघाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. टीकाकार मुलीचे नाव पाहून नाक मुरडतील म्हणून नावाची फक्त आद्याक्षरे छापली गेली. मुलांनी ते पुस्तक एकमेकांच्या हातांतून फिरविले. वाचकाने नुसते मत दिले नाही, लेखणीच उचलली.

आणि मग सह्या! कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो भागातल्या लोन स्टार शाळेच्या मुलांना वाटले की या कादंबरीचा चित्रपट व्हावा. शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी 1980 मध्ये मुलांच्या शंभरावर सह्यांचे निवेदन दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पाठविले आणि सोबत पुस्तकाची प्रतही दिली. ते वाचले गेले. 1982 च्या वसंतात टल्सामध्येच चित्रीकरण झाले, पुढच्या मार्चमध्ये चित्रपट आला आणि तो त्या बाईंना व त्या शाळेच्या मुलांना अर्पण केलेला आहे.

टल्सात ते चित्रीकरण चालू होते, त्याच दिवसांत आमची यादी वाचनालयाच्या टेबलावर पडली. चिटणिसांनी ती वाचली, अक्षर कोणाचे म्हणून विचारले, आणि संपाचे वारे पोरांनाही लागले काय, असे म्हणून आम्हांस वडिलांना घेऊन यावयास सांगितले. वडील घरीच होते. संपाचा तिसरा महिना होता. ते आले. चिटणिसांचे सारे बोलणे त्यांनी ऐकून घेतले, यादी हातात घेऊन सावकाश वाचली, फास्टर फेणे हा कोण म्हणून आम्हांस विचारले. आम्ही सांगितले. मग त्यांनी टेबलावरची लेखणी मागून घेतली आणि अकरा सह्यांच्या खाली बारावी सही केली.

पुस्तके आली की नाही ते आम्हांस ठाऊक नाही. त्या पावसाळ्यात अर्धी वर्गणीही परवडेनाशी झाली आणि आमचे सभासदत्व संपले.