जवारी

निपाणीच्या आठवड्याच्या बाजारात भाजीवालीच्या पाटीपुढे उभे राहिलेले गिऱ्हाईक भावाची घासाघीस सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न हटकून विचारते, आणि तो प्रश्न मराठी बोलणाराच्या तोंडी जसा असतो तसाच कानडी बोलणाराच्याही तोंडी असतो : ‘जवारी आहे का?’ जवारी म्हणजे आपल्या मुलखातले, आपल्या मातीत वाढलेले, बाहेरच्या सुधारलेल्या बियाण्याचा स्पर्श न झालेले. जवारी कोंबडी, जवारी काकडी, जवारी वांगी हे शब्दप्रयोग सहज समजण्यासारखे आहेत. परंतु जवारी मिरची आणि जवारी टोमॅटो हेही आमच्याकडे तितक्याच निःशंकपणे म्हटले जाते, आणि त्या ठिकाणी इतिहासाच्या अभ्यासकाला क्षणभर थांबावे लागते. ही दोन्ही फळे मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाची गलबते १४९२ साली त्या किनाऱ्याला लागेपर्यंत हिंदुस्थानातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात त्यांतले एकही शिजले नव्हते. असे असता, ज्या वस्तू आपल्या पूर्वजांना सर्वस्वी परक्या होत्या त्यांनाच आज अस्सलपणाचे प्रमाणपत्र मिळावे, हा प्रवास घडला कसा?

मिरचीचा वृत्तांत त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यानंतर त्यांच्या जहाजांतून मिरचीचे बी पश्चिम किनाऱ्यावर उतरले. मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ असे नाव एके काळी रूढ होते, ते उगाच नव्हे. गोव्याचा आणि आमचा दळणवळणाचा संबंध पुरातन आहे. रामघाटासारख्या वाटांनी कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून बेळगावच्या पठारावर चढत असे. त्या गोण्यांबरोबर आणखी काय काय चढले असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसली तरी आमच्या ताटात आहे. नवख्या वस्तूला घरात घेताना लोकांनी तिला आधी ओळखीचे नाव दिले. मराठीने मिरीवरून मिरची केली. कानडीत मिरीला मेणसु म्हणतात, तर मिरची झाली मेणसिनकाई, म्हणजे मिरीचे फळ. दोन्ही भाषांनी निरनिराळे बसून एकच युक्ती योजली, याचे मला फार अप्रूप वाटते. जिभेला जे अनोळखी आहे ते कानाला तरी ओळखीचे वाटावे, एवढा दिलासा नावाने दिला. कानडीत पपईला परंगी हण्णु, म्हणजे फिरंग्यांचे फळ म्हणतात; तेथे परकेपण नावातच राहून गेले. उलट अमेरिकेहून आलेल्या एका फळाला आपण सीताफळ म्हटले आणि त्याला थेट रामायणात नेऊन बसवले.

निपाणीहून बेळगावला जाताना मध्ये संकेश्वर लागते. तेथले नाव धारण करणारी लांबट, बारीक, केशरी झाक असलेली तिखटजाळ मिरची उन्हाळ्याच्या दिवसांत घरोघर अंगणात पसरलेली असते. रंगासाठी ब्याडगी आणि झणक्यासाठी संकेश्वरी, हा आमच्या आयाबायांचा वर्षाच्या चटणीचा शिरस्ता. (आमच्या बाजूला भाजी-आमटीत घालावयाच्या मसाल्यालाच चटणी म्हणतात, हे परगावच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.) कांडप गिरणीपुढे रांगेत बसलेल्या त्या बायकांना, ही मिरची चार-पाचशे वर्षांपूर्वी येथे नव्हती असे सांगितले तर त्या खाटेवरच्या आजाऱ्याकडे पाहावे तशा आपल्याकडे पाहतील. त्यांचा तो अविश्वासच मला मिरचीच्या विजयाचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो.

तथापि जुनी चव अगदीच नामशेष झाली असे नाही. बेळगावात माझ्या एका माध्व स्नेह्यांच्या घरी श्राद्धाच्या दिवशी जेवण्याचा योग आला होता. त्या स्वयंपाकात मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता. तिखटपणासाठी होती केवळ मिरी. पहिल्या घासाला ते अन्न मला फिके वाटले. दुसऱ्या घासाला मिरीचा सावकाश चढणारा, घशात मागाहून जाणवणारा उष्मा कळू लागला, आणि मग ध्यानात आले की पितरांना आपण त्यांच्या ओळखीचे तेच वाढतो. नित्याच्या जेवणात मिरचीने मिरीला मागे सारले असले, तरी वर्षातला तो एक दिवस मिरीने राखून ठेवला आहे. उपवासाच्या फराळाची कथा नेमकी उलट आहे. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा आणि मिरचीही तेथलीच. एकादशीला वर्ज्य ठरले ते आपले पुरातन तांदूळ आणि गहू. जुन्या धान्यांवर निषेधाचा हुकूम आधीच होता आणि ह्या नवागतांचे नाव निषेधाच्या यादीत नव्हते. म्हणून माजघरात ज्यांना चाचपडत यावे लागले त्यांना देवघराचा दरवाजा मात्र उघडा मिळाला.

मिरचीपूर्वीच्या ताटाची कल्पना करावयाची तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाकडे वळावे लागते. इसवी सन ११३० च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात इड्डरिका आहे, धोसक आहे, आणि शेतातल्या उंदरांना भाजून रांधण्याची कृतीही आहे. ती वाचून आज आपल्या अंगावर शहारा येतो. राजाच्या मात्र आला नव्हता. त्याच प्रकरणात मंडक आहे. हाच आमचा मांडा. बेळगावात आजही मांडे करणारी घरे आहेत आणि ती कृती मी जवळून पाहिली आहे : कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, मनगटांपर्यंत फिरवत, तो रुमालाइतका पातळ होईपर्यंत ताणावयाचा आणि विस्तवावर उपड्या घातलेल्या मडक्याच्या पाठीवर अलगद पसरावयाचा, क्षणार्धात त्यावर बदामी ठिपके उमटतात, आत साखर, तूप, खसखस, वेलदोडे पडतात आणि निवण्यापूर्वी त्याची घडी होते. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची आख्यायिका ऐकून आपण चमत्काराने थक्क होतो. पण मडक्याचीही पाठच असते, हे पाहिल्यावर ती कथा स्वयंपाकघर जाणणाऱ्याने रचली असावी, असे माझे मत झाले.

आता थोडे स्वतःविषयी. लहानपणी मी अन्नाच्या बाबतीत कमालीचा हट्टी होतो. ताटात आंबट पालेभाजी दिसली की मी पाट सोडून उठत असे. त्यात अंबाडी तर माझ्या लेखी अन्नच नव्हते, कारण आमच्या घरी अंबाडी म्हणजे दावी आणि कासरे वळण्याचा वाख. आमच्या शेजारी एक लिंगायत कुटुंब राहत असे. त्या घरच्या थोरल्या बाईंना सारी गल्ली अक्का म्हणे. अक्का पुंडीपल्ले करीत : अंबाडीचा पाला, जोंधळ्याच्या कण्या, थोडे शेंगदाणे, वर लसणीची चरचरीत फोडणी. मी त्यांच्या मुलाबरोबर खेळता खेळता जेवणवेळेला तेथेच असे, आणि अक्का भाकरीच्या कडेला, लोणी लावलेल्या जागेच्या शेजारी, बोटाच्या पेराएवढी भाजी ठेवून म्हणत, ‘स्वल्प तिन्नप्पा.’ थोडेसे खा रे बाबा. त्यांनी मला कधी दटावले नाही आणि त्या पेराचा कधी पळीभर केला नाही. किती दिवस ती भाजी मी तशीच टाकून उठलो ते आठवत नाही. एवढे आठवते की एके दिवशी लोण्याबरोबर ती पोटात गेली, आणि त्या पावसाळ्यात पुढे कधी तरी मी ती मागून घेतली.

नवे अन्न मुलाच्या अंगवळणी पडण्यास ते आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक वेळा, जबरदस्तीवाचून, समोर यावे लागते, असे आता आहारशास्त्रज्ञ सांगतात. अक्कांच्या ‘स्वल्प’ या एका शब्दात तो सारा शोध होता. हा शब्द आमच्या मराठीत ग्रंथांपुरता उरला आहे, कानडीत तो रोज चुलीपाशी उच्चारला जातो. सरहद्दीवर राहण्याचा हा एक मोठा लाभ मी मानतो.

जबरदस्तीने आलेल्या अन्नाचा अनुभव अर्थातच वेगळा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात शिधापत्रिकेवर अमेरिकेचा तांबडा मिलो आला. वस्तुतः तो जोंधळ्याचाच सख्खा भाऊ आणि जोंधळा स्वतः काही सहस्र वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेला. पण कागलकडच्या आमच्या आप्तांच्या घरी त्या तांबड्या भाकरीचा उल्लेख आजही कडवटपणाने होतो. ती ‘स्वल्प’ आली नव्हती, लोण्याबरोबर आली नव्हती, आणि वाढणाऱ्या हाताला तिची निवड नव्हती. मिलो कधी जवारी झाला नाही.

उलट, १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनात टिळक, रानडे आदी मंडळींपुढे जो चहा आला, त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचे वाद माजले; तोच चहा आज निपाणीच्या मोटारतळावर पहाटे चार वाजता पिणाऱ्याला आपण काही परके पीत आहोत याची वार्ताही नसते.

गेल्या मृगात माझा नातू पुण्याहून आला होता. अक्का आता नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी नेहमीप्रमाणे पुंडीपल्ल्याचा डबा पाठवला. मी त्याच्या भाकरीच्या कडेला बोटाच्या पेराएवढी भाजी ठेवली. त्याने लोणी तेवढे खाल्ले आणि भाजी ताटाच्या काठाला सारली. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी त्याने तिला बोट लावून चाटून पाहिले, तोंड वाकडे केले आणि पाण्याचा तांब्या उचलला. डबा परत देताना मी सूनबाईंना सांगून आलो, ‘उद्याही थोडी पाठवा.’