भुंगा, बोंडअळी आणि कापसाचा हिशोब

१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस बाजारात उतरतो नेमके तेच महिने. सरकारला शिव्या देऊन झाल्या असतील, तर जरा मागचा हिशोब बघू. आपला आणि ब्राझीलचा.

१९८३ मध्ये ब्राझीलच्या कापसात बोंड पोखरणारा भुंगा शिरला. त्यात १९९० च्या सुमारास तिथल्या सरकारनं आयात शुल्क शून्यावर आणलं. बाहेरचा कापूस उधारीवर मिळू लागला, गिरण्यांनी तो घेतला आणि पाराना राज्यातल्या छोट्या शेतकऱ्यांनी कापूस सोडला. एकेकाळचा निर्यातदार देश जगातल्या मोठ्या आयातदारांत जाऊन बसला.

आपलंही तेव्हा फार बरं नव्हतं. २००१-०२ मध्ये उत्पादन १५८ लाख गाठी (एक गाठ १७० किलोची), आयात २५ लाखांच्या आसपास, निर्यात नावाला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि ते बियाणं आणणाऱ्यांत आपल्या जालन्यातली महिको होती. पुढं चित्र पालटलं. २०११-१२ ला आपण जवळपास १३० लाख गाठी निर्यात केल्या. २०१३-१४ ला उत्पादन ३९८ लाखांवर गेलं.

मग गुलाबी बोंडअळीला बीटी पचायला लागलं. २०१७ चा हंगाम आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. आज उत्पादन ३०० लाखांच्या आसपास आहे. २०२४-२५ ला आयात चाळीस लाख गाठींच्या घरात आणि निर्यात वीस लाखांच्या आत. म्हणजे फिरून तिथंच.

ब्राझील मात्र २०२३-२४ ला अमेरिकेला मागं टाकून जगातला एक नंबरचा निर्यातदार झाला. त्यांचं हेक्टरी रुईचं उत्पादन आपल्या चौपट आहे, तेही बहुतांश पावसावर.

हे कसं जमलं? कापूस मातो ग्रोसोच्या पठारावर गेला. सरळ वाण, दाट लागवड, यंत्रानं वेचणी आली. शिवाय अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत लढला आणि जिंकला. २०१० च्या समझोत्यात अमेरिकेनं वर्षाला १४.७ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तो पैसा कापसाच्याच कामासाठी वेगळी संस्था काढून तिच्याकडं दिला.

लगेच कुणी म्हणेल, त्यांची शेतं हजारो हेक्टरची, आपली दोन-चार एकराची. बरोबर आहे. त्यांची नक्कल आपल्याला परवडणार नाही. पण लवकर निघणारं सरळ वाण दोन एकरातही चालतं. आपण लांब मुदतीचं संकरित बियाणं दरवर्षी विकत घेतो, वर फरदड ठेवतो. अळीला वर्षभर जेवण मिळतं.

माझं म्हणणं एवढंच. दोन्ही देशांना किड्यानं बुडवलं. एकानं पुढची वीस वर्षं वाण आणि संशोधनावर घातली, दुसरा २००६ च्या बीटी-२ वर अजून बसून आहे. शुल्क परत लावा, ही मागणी रास्तच होती. नुसतं शुल्क काढून काय होतं, ते पारानाच्या शेतकऱ्यांनी भोगलंय. पण शुल्कानं अळी मरत नाही. बियाण्यांची राजधानी म्हणवणाऱ्या जालन्यानं तरी पुढारी मत मागायला आले की भावाबरोबर वाणाचंही विचारायला पाहिजे.

तुमच्या गावात यंदा किती जणांनी कापूस मोडून सोयाबीन, मका किंवा मोसंबी धरली? खाली लिहा.