फसलेली फेरी

1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंट देऊन लोक ज्या रोलर कोस्टरमध्ये बसले, त्याचा वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर. आपली सायकल पुढे जाईल! उतारावरून सुटलेली गाडी पलीकडच्या चढावर पूर्ण पोचायचीच नाही. माणसं उतरायची, नोकर ती ढकलून वर न्यायचे. तरी रांगा लागल्या.

2005 मध्ये न्यू जर्सीत ‘किंगडा का’ सुरू झाला. उंची 139 मीटर, तेव्हा जगात सर्वाधिक. साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर, मग सरळ वर, सरळ खाली. मिनिटभरात खेळ खलास. पण कधीकधी जोर कमी पडायचा. गाडी माथ्याजवळ थबकायची आणि उलटी, पाठीमागे घसरत यायची. खाली चुंबकीय ब्रेक तिला धरायचे. हा रोलबॅक. नवख्यांचा जीव टांगणीला, आणि मुरलेले शौकीन खूश! गाडी पुन्हा सोडली जायची, म्हणजे एका रांगेत दीड फेरी. मला तर त्या थबकण्यातच 1884 ची ती गाडी दिसते.

फेब्रुवारी 2025 मध्ये स्फोटकं लावून हा मनोरा पाडला. रोलबॅकच्या आशेने पुन्हा पुन्हा रांगेत उभे राहिलेल्या कित्येकांचा नंबर लागायचा राहूनच गेला.