आठवड्याच्या सुईची जुनी गोष्ट

बोटांचे सांधे सुजवणारा आमवात असो की अंगावर खपल्या धरणारं सोरायसिस, डॉक्टर पुष्कळदा मेथोट्रेक्सेट देतात. कुणाला गोळी, कुणाला आठवड्यातून एकदा सुई. मग काहींना मळमळतं, तोंड येतं, केस गळतात. असं का होतं, हे समजून घ्यायला आपल्याला १९२८ सालच्या मुंबईत जावं लागेल.

त्या साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई तिथं आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं कमी व्हायचं, की त्या दगावायच्या. बाईंनी त्या काय खातात ते पाहिलं, प्राण्यांवर प्रयोग केले. यीस्टपासून बनणारा मार्माइट नावाचा खारट, स्वस्त लगदा दिला की रक्त भरून यायचं! त्यातलं औषधी तत्त्व म्हणजेच पुढं सापडलेलं फॉलिक ॲसिड. आशाताई गरोदरपणी ज्या गोळ्या देतात, त्यातलंच.

मग अमेरिकेत, आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फॉलिक ॲसिड कारखान्यात बनवलं, आणि त्याची वाट अडवणारी औषधंही. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिल्याचं जाहीर केलं. आजार काही काळ हटला. १९५१ साली तेच औषध आमवात आणि सोरायसिसवर वापरलं गेलं. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. तरी आमवातासाठी अमेरिकेची सरकारी मंजुरी मिळायला १९८८ उजाडलं.

म्हणजे हे औषध फॉलिक ॲसिडच्या आड येतं. तोंडाची आतली कातडी, केसांची मुळं, हाडातला रक्त तयार करणारा मगज, जिथं पेशी भराभर वाढतात तिथं आधी झळ बसते. म्हणून तर डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिडची गोळी लिहितात. ती महत्त्वाची नाही असं समजून टाकून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. यकृतावरही ताण येतो, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही आणि दारू वर्ज्य. ताप, कोरडा खोकला, धाप, डोळ्यांत पिवळेपणा, अंगावर काळेनिळे डाग दिसले तर पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांकडे जायचं.

आणि पोटात बाळ असताना हे औषध अजिबात नको. १९५० च्या दशकात याच्या भावंडानं गर्भ पाडायचे प्रयत्न झाले. जी बाळं वाचली त्यातली काही व्यंग घेऊन जन्मली. ज्या तत्त्वानं गिरणीतल्या गरोदर बायका वाचल्या, त्याचीच वाट हे औषध अडवतं. दिवस राहावेत असं मनात असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांना सांगा. दरम्यान पाळणा लांबवायची काळजी घ्या.

गोळी असो की सुई, वार एकच ठरवा. रोजची गोळी समजून घेतल्यानं माणसं दगावली आहेत. लघवीच्या जळजळीला सेप्ट्रानसारखी गोळी कुणी देऊ लागलं, तर आधी सांगा, "मला मेथोट्रेक्सेट चालू आहे." तीही फॉलिक ॲसिडच्याच वाटेत आडवी येते.